मदत हवी आहे: डीबगरमधून जुन्या केबलचा सपोर्ट काढला आणि तोंडघशी पडलो

मंडळी, नमस्कार.

धागा तांत्रिक आहे, पण इथे एम्बेडेडवाले बरेच आहेत म्हणून इथेच विचारतोय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत बसणारा प्रोग्राम, लिहितो. सायझिंग मशीनचे (सुताला खळ लावायचं यंत्र) कंट्रोलर हे मुख्य काम, गिऱ्हाईक बहुतेक इचलकरंजीचं, थोडं मालेगावचं. बोर्डावर फर्मवेअर चढवायला आणि डीबग करायला (चालत्या प्रोग्राममधली चूक शोधायला) ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर वापरतो, म्हणजे त्याची आमची घरची प्रत. २०१० च्या आसपास एका सीनियरने मूळ कोड घेऊन आमच्या बोर्डांपुरत्या दुरुस्त्या केल्या. तो पुढे ऑस्ट्रेलियाला गेला आणि प्रत फिरत फिरत माझ्या गळ्यात आली.

त्यात पॅरलल पोर्टच्या 'विगलर' केबलचा ड्रायव्हर आहे. नव्या पोरांसाठी सांगतो. पूर्वी प्रिंटर लावायचो तो २५ पिनांचा पोर्ट. त्याच्या पिना सॉफ्टवेअरने एकेक करून वरखाली करायच्या आणि त्यातून जेटॅगचे (चिपमध्ये प्रोग्राम चढवायच्या आणि तपासायच्या जोडणीचे) सिग्नल काढायचे. केबलच्या टोपणात एक बफर चिप आणि चार-दोन रेझिस्टर. तपकीर गल्लीतून सामान आणलं की संध्याकाळपर्यंत केबल घरी तयार व्हायची. विंडोजवर ती चालवायला 'गिव्हआयओ' नावाचा ड्रायव्हर लागतो, आणि तो ६४ बिटी विंडोजवर चालत नाही. आमच्या ऑफिसात तसा पोर्ट असलेला एकही संगणक उरलेला नाही. त्यामुळे हा कोड कंपाइल होतोय एवढंच मी बघत आलो. चालतो की नाही, देव जाणे. बाकी कुठे काही बदललं की ह्यातही बदल करायचा, तोही डोळे मिटून.

गणपतीच्या आधी सगळ्यांना मेल टाकली: "विगलर कोणी वापरतं का? नसेल तर काढतोय." पंधरा दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. काढला. जवळजवळ हजार ओळी गेल्या, मोकळं वाटलं.

दिवाळीनंतर इचलकरंजीहून सर्व्हिसच्या काकांचा फोन. "सायेब, नवा सेटप टाकल्यापासनं केबलच वळखंना झालंय बघा."

काका आमचे पगारी नाहीत, कामापुरते पैसे घेतात. मेल आयडी नाहीच, त्यामुळे माझी मेल त्यांच्यापर्यंत जायचा प्रश्नच नव्हता. एक्सपीवाला जुना लॅपटॉप, त्याला प्रिंटर पोर्ट, त्याला विगलर. नव्या बोर्डाची फाइल हवी म्हणून आमच्याच एकाने त्यांना पेनड्राइव्हवर नवीन सेटअप दिला होता. स्क्रीनवर आलं 'इनव्हॅलिड कमांड नेम पॅरपोर्ट_पोर्ट'. काकांना त्यातला 'पोर्ट' तेवढा कळला. केबल गेली असं समजून रात्री साडेदहाला त्यांनी टोपण उघडून सगळे टाके नव्याने मारले. मशीन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद. मालक बोलला तो काकांना, मला नाही.

जुनी प्रत पाठवून वेळ मारून नेली. पण हा ड्रायव्हर मला परत आत घ्यायचा नाही. मग काढायची रीत काय? कुठे लिहून ठेवायचं, किती मुदत द्यायची, कोड ठेवायचा की फेकायचा? आणि एक वेगळी अडचण. काकांसाठी घेतलेला एफटी२२३२एच चिपवाला यूएसबी अ‍ॅडाप्टर त्या जुन्या एलपीसी२१४८ चिपच्या बोर्डाला लावला की 'ऑल वन्स' (उत्तरात नुसते एक, चिप सापडतच नाही) एवढंच येतं. विगलरने तोच बोर्ड बिनबोभाट चालतो.

जुना_खिळा

मेल टाकून गप्प बसणाऱ्यांवर विसंबलात, तिथेच चुकलं. सगळ्यात जुनं हार्डवेअर ज्याच्याकडे असतं तो मेलही वाचत नाही आणि अपडेटही करत नाही. तो भेटतो थेट एररच्या ओळीवर. म्हणून पहिली नोंद तिथे हवी, वहीत नंतर.

जीडीबी (डीबगर) आणि बायनयूटिल्स (प्रोग्राम बांधायची हत्यारं) लिहिणारे हे वर्षानुवर्षं करत आलेत. बायनयूटिल्समध्ये एखादं जुनं टार्गेट, म्हणजे ज्याच्यासाठी प्रोग्राम बांधायचा तो प्रोसेसर, काढायचं ठरलं की आधी बिल्ड अडतं. हे कालबाह्य आहे, तरी हवं असेल तर अमुक पर्याय देऊन बांधा, सांभाळणारा कोणी पुढे आला नाही तर पुढच्या मोठ्या आवृत्तीत काढू, असं तिथेच छापून येतं. म्हणजे ज्याचं अडतंय त्याला ओरडायला एक आवृत्ती मिळते. जीडीबीत काढून झाल्यावरही त्या टार्गेटचं नाव कॉन्फिगरच्या फाइलीत ठेवतात. कोड गेलेला, पण नाव दिलं की 'हे कालबाह्य आहे, सपोर्ट काढलेला आहे' असं उत्तर येतं. शिवाय न्यूज फाइलीत काढलेल्या गोष्टींची वेगळी नोंद. प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरचा सपोर्ट २०२० च्या जीडीबी ९ मध्ये गेला, तो असाच नोंद करून.

तुमच्या तर घरातच उदाहरण आहे. मूळ ओपनओसीडीत 'अ‍ॅडाप्टर_केएचझेड' ही कमांड बदलून 'अ‍ॅडाप्टर स्पीड' झाली, तेव्हा जुनं नाव टीसीएल ह्या स्क्रिप्टच्या भाषेतल्या फाइलीत ठेवून दिलं. वापरलं की 'हे नको, ते वापरा' असं सांगतं आणि काम पुढे चालू. तुम्हीही 'पॅरपोर्ट_पोर्ट' नावाचा पाच ओळींचा प्रोक (टीसीएलमधलं फंक्शन) लिहा. त्याने काम करायचं नाही, फक्त बोलायचं.

शून्य_ओम

कोड ठेवायचा की फेकायचा, तर फेका. लिनक्स कर्नलने २०१८ साली ४.१७ मध्ये एका फटक्यात आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरचे प्रकार) काढली: ब्लॅकफिन, क्रिस, टाइल, मेटॅग वगैरे. २०२४ च्या ६.७ मध्ये इटॅनियम गेलं. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये सगळं आहे, हवं त्याने उकरून काढावं. कॉमेंटमध्ये झाकून ठेवलेला कोड म्हणजे माळ्यावरची मोडकी खुर्ची, बसतही नाही आणि टाकतही नाही.

जुना_खिळा

@शून्य_ओम, गिटमध्ये आहे हे तुम्हाला-मला ठीक. इचलकरंजीच्या काकांना गिट काय सांगणार? ड्रायव्हर असलेल्या शेवटच्या आवृत्तीला टॅग लावा, तिचा तयार सेटअप बांधून ठेवा आणि त्याचं नाव त्या एररमध्ये छापा. एवढं केलं की मग खुशाल फेका.

सोल्डरताई

'ऑल वन्स'बद्दल. अ‍ॅडाप्टर बहुतेक चांगला आहे, घोळ आरटीसीके ह्या जेटॅगच्या एका पिनेचा असणार. एलपीसी२१४८ मध्ये पी१.२६ ते पी१.३१ ह्या पिना डीबगसाठी द्यायच्या की साध्या आयओ (इनपुट-आउटपुट) ठेवायच्या, ते रिसेटच्या वेळी ठरतं. त्या क्षणी आरटीसीके, म्हणजे पी१.२६, लो असेल तरच जेटॅग उघडतो. आत पुल-अप (लाइन वर ओढणारा रेझिस्टर) असतो म्हणून बोर्डावर बाहेरून पुल-डाउन (खाली ओढणारा) लावलेला असतो. विगलर आरटीसीकेला हातच लावत नाही, म्हणून तिथे काही बिघडत नाही. नव्या अ‍ॅडाप्टरमध्ये त्या लाइनवर वर ओढणारा रेझिस्टर असेल तर तुमचा पुल-डाउन हरतो, पिना आयओ होतात आणि स्कॅनमध्ये नुसते एक दिसतात.

२० पिनांच्या कनेक्टरवर ती ११ नंबरची पिन. रिबनमधली तेवढी तार कापून बघा. आणि स्पीड सुरुवातीला ५०० किलोहर्ट्झच ठेवा. ह्या कोअरला टीसीके, म्हणजे जेटॅगचं घड्याळ, त्याच्या स्वतःच्या घड्याळाच्या सहाव्या भागाच्या वर चालत नाही. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि पीएलएल (घड्याळाचा वेग वाढवणारं सर्किट) बंद असेल तर २ मेगाहर्ट्झ ही हद्द झाली.

दुसरं विचारू का? काका डीबग करतात की नुसतं फर्मवेअर चढवतात?

धागाकर्ता

ताई, साष्टांग नमस्कार! अकरावी तार कापली आणि पहिल्या झटक्यात आयडी आला. बोर्डावर १० के चा पुल-डाउन आहे, मीटर लावला तर रिसेटच्या वेळी ती पिन वरच राहत होती.

काका नुसतं फर्मवेअर चढवतात. ब्रेकपॉइंट वगैरे त्यांच्या गावीही नाही.

सोल्डरताई

मग त्यांना जेटॅग हवाच कशाला? एलपीसी२१४८ मध्ये आतच बूटलोडर (फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्राम) आहे. पी०.१४ लो धरून रिसेट दिला की यूएआरटी० ह्या सिरियल पोर्टवरून फर्मवेअर घेतो. साधी सिरियल केबल पुरते, आणि यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर कुठल्याही लॅपटॉपला लावता येतो. तुमच्या बोर्डावर पी०.१४ कुठे गेलंय ते बघा.

भाऊसाहेब_बोर्डवाले

मध्येच विचारतो, यूएसबी-टू-पॅरलल कन्व्हर्टर मिळतात की बाजारात. त्याने विगलर नाही चालणार?

शून्य_ओम

नाही चालत. तो कन्व्हर्टर संगणकाला प्रिंटर म्हणून दिसतो. विगलरला ०x३७८ ह्या पत्त्यावर थेट पिना हलवायच्या असतात आणि ह्या कन्व्हर्टरमागे तो पत्ताच नसतो. मीही एकदा पैसे घालवून शिकलोय.

धागाकर्ता

पी०.१४ सापडला. समोरच्या पॅनेलवरच्या 'रिसेट काउंट' बटणालाच जोडलेला आहे! बटण दाबून धरायचं आणि मशीनचा मेन चालू करायचा, की बूटलोडर. यूएआरटी० प्रिंटरच्या कनेक्टरवर आहे, म्हणजे पॅनेल उघडायचीही गरज नाही. पंधरा वर्षं हे बटण आमच्या नाकासमोर होतं.

आता असं केलंय. विगलरचा कोड गेलाच. जुन्या तिन्ही कमांडची नावं ठेवलीत, आणि कुठलीही दिली की हे येतं:

"विगलर केबलचा सपोर्ट ह्या आवृत्तीत नाही. केबल खराब झालेली नाही, टाके मारू नका. फक्त फर्मवेअर चढवायचं असेल तर सिरियल केबल लावा आणि 'रिसेट काउंट' दाबून मेन चालू करा. विगलरच हवी असेल तर सोबतच्या 'जुना' फोल्डरमधला सेटअप वापरा."

शून्य_ओमना मराठी एरर कदाचित पटणार नाही. तरी मराठीच ठेवलाय, रोमन लिपीत. एक्सपीच्या काळ्या खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन दिसत होते.

मॅन्युअलमधून विगलरचं प्रकरण उडवलं नाही. वर 'काढलेले' असं लिहून खाली दोन गोष्टी जोडल्या: शेवटची चालणारी आवृत्ती आणि अकराव्या तारेची भानगड. काढायचं कारणही एका ओळीत लिहिलं, चाचणी करायला संगणक उरला नाही म्हणून. उद्या माझ्या जागी येणाऱ्याला वाटायला नको की ड्रायव्हरमध्ये काही खोट होती.

काकांना हेच छापून कागद पाठवला. मॅन्युअल ते उघडत नाहीत, पण वायरिंगचा नकाशा पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, तो रोज बघतात. त्याच्या शेजारी हा कागद लावला म्हणाले. काल त्यांनी सिरियलने एक बोर्ड केलाही. बटण लवकर सोडलं म्हणून पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्या वेळी जमलं.

जुना_खिळा

झकास. 'टाके मारू नका' ही ओळ फार आवडली. मालेगावच्यांचं काय?

धागाकर्ता

तिथे आमचं काम करणारे तिघे आहेत. ह्या वेळी मेल नाही, फोनच लावतोय. एकाकडे विगलर नाही, एकाकडे आहे पण कपाटात. तिसऱ्याने अजून उचललेला नाही, तो बोलेपर्यंत नवीन सेटअप मालेगावला पाठवायचा नाही असं सांगून ठेवलंय.