मदत हवी आहे: ‘लीदर’ विनाशिकेचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ४ डिसेंबरच्या नौदल दिनासाठी आमची मुलं भित्तिपत्रकं करताहेत. २०२३ चा मुख्य सोहळा तारकर्लीला झाला, तेव्हापासून इथल्या मुलांना युद्धनौकांचं वेडच लागलंय. अकरावीतल्या एका मुलाने विषय घेतलाय रशियाची प्रस्तावित अणुशक्तीवरची विनाशिका: प्रकल्प २३५६०, ‘लीदर’. हिची प्रतिकृती २०१५ मध्ये मॉस्कोजवळच्या लष्करी प्रदर्शनात मांडली होती. पुढे २०२० मध्ये आराखडा करणाऱ्या सेंट पीटर्सबर्गच्या सेवेर्नोये संस्थेच्या वार्षिक अहवालातून काम थांबवल्याची बातमी आली. म्हणजे नौका अजून कागदावरच आहे.

मुलाने आलेखकागदाचे दोन ताव चिकटवून ती उतरवलीय, १ सेंटिमीटरला ५ मीटर. लीदर ४० सेंटिमीटर; खाली तुलनेला माझगाव डॉकची आयएनएस विशाखापट्टणम, साडेबत्तीसच्या जरा पुढे. नाळेचा (नौकेच्या पुढच्या टोकाचा) बाक जमेना म्हणून इतक्यांदा खोडलंय की तिथे कागदाची लव निघालीय. रेखाटून झाल्यावर तो म्हणाला, “मॅडम, लांबी फक्त सव्वापट, मग वजन दुपटीहून जास्त कसं?”

मी म्हटलं, लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते, त्यामुळे घनफळ झपाट्याने वाढतं. पण घरी येऊन हिशेब मांडला आणि मीच अडकले.

प्रदर्शनाच्या वेळी छापून आलेले आकडे असे: लांबी २०० मीटर, रुंदी २०, पाण्याखालची खोली ६.६ मीटर, वजन १७,५०० टन. या मापांची निव्वळ चौकोनी पेटी समुद्राच्या पाण्यात बुडवली तर ती साधारण २७,००० टन पाणी सारते. म्हणजे नौकेचं पोट पेटीच्या ६५ टक्के भरलं. हाच हिशेब विशाखापट्टणमला लावला (१६३, १७.४ आणि ६.५ मीटर, ७,४०० टन) तर ३९ टक्केच येतात. ताशी तीस सागरी मैलांच्या वेगाने पाणी कापणाऱ्या नौकेचं पोट इतकं भरलेलं असेल का? नंतर तर १९,००० टनांचाही आकडा आला, त्याने टक्के आणखी चढतात.

माझी पद्धत चुकतेय की आकडेच एका नौकेचे नाहीत? अणुभट्टीभोवतीच्या शिसं-पोलादाच्या कवचाचं वजन जबर असतं हे कळतं, पण वजन कशाचंही असो, तेवढं पाणी सारलंच पाहिजे ना!

दुसरा प्रश्न इंजिनाचा. रशियन फ्रिगेटना (विनाशिकेहून लहान युद्धनौकांना) लागणारी गॅस टर्बाइनं युक्रेनमधल्या मिकोलाइवहून यायची, ती २०१४ नंतर बंद झाली. (विशाखापट्टणमची टर्बाइनंही त्याच गावची. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने नकाशात मिकोलाइव शोधून काढलं.) या तुटवड्यामुळे अणुभट्टी निवडली, असं लिहिणं बरोबर होईल का? नौदलात किंवा गोदीत काम केलेल्यांनी कृपया सांगा. मुलाच्या कागदावर चुकीचं काही जाऊ नये एवढंच वाटतं.

प्रतिसाद:

ताई, पद्धत बरोबर आहे. आम्ही याला ब्लॉक कोएफिशंट म्हणतो. फक्त एक दुरुस्ती: लांबी नाळेच्या टोकापासून न धरता पाण्याच्या रेषेवरची धरायची, म्हणजे टक्के थोडे वाढतात. तरी वेगवान युद्धनौका पन्नाशीच्या आसपास राहते. ६५ म्हणजे मालवाहू जहाजाच्या वळणावर गेलं. २०० बाय २० ला १७,५०० टन बसत नाहीत, एवढं मुलाने बेधडक लिहावं.

टर्बाइनांच्या तुटवड्यामुळेच अणुभट्टी, असं मात्र लिहू नका. लीदरचे गॅस टर्बाइन आणि अणुशक्ती असे दोन्ही आराखडे चर्चेत होते. शिवाय अणुभट्टीवरच्या मोठ्या क्रूझर (विनाशिकेहून मोठ्या युद्धनौका) रशियाने आधीच बांधल्या आहेत, किरोव्ह वर्गाच्या. त्यांच्यात अणुभट्टीच्या जोडीला तेलावरचे बॉयलरही आहेत.

मुलाला १९६४ ची अमेरिकन फेरी सांगा. एंटरप्राइज, लाँग बीच आणि बेनब्रिज या तिन्ही अणुशक्तीवरच्या नौका वाटेत इंधन न घेता ६५ दिवसांत जगाला वळसा घालून आल्या. तरीही अमेरिकेने आपल्या नऊच्या नऊ अणुशक्तीवरच्या क्रूझर १९९९ पर्यंत सेवेतून काढल्या. भट्टीत नवं इंधन भरायचं तर नौका कापून उघडावी लागते, खलाशी जास्त लागतात, खर्च फार. आणि सोबतच्या नौकांना तेल लागणारच असेल तर टँकर बरोबर ठेवावाच लागतो.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. आज वर्गात पाण्याच्या रेषेची लांबी धरून मुलांकडून पुन्हा हिशेब करून घेतला. मुलाने लीदरच्या चित्राखालचा वजनाचा आकडा खोडला नाही. शेजारी लाल पेनाने लिहिलं, “या मापांत बसत नाही”, आणि खाली पूर्ण गणित मांडलं. आता तिसरा ताव चिकटवून किरोव्ह काढायला घेतलीय, ती पन्नास सेंटिमीटर भरते. तिची पाण्याच्या रेषेवरची लांबी कुणाकडे असेल तर द्याल का?