सैगल यांचे मुंबईतले चित्रपट मोफत का मिळू नयेत?

गिरगावकर: गायक-अभिनेते कुंदनलाल सैगल कोलकाता सोडून मुंबईत आल्यावर रणजित मूव्हीटोनने काढलेला ‘तानसेन’ (१९४३) वडिलांना पुन्हा पाहायचा आहे. आंतरजालावर सापडलेल्या प्रतीत ‘दिया जलाओ’ या गाण्याच्या वेळी चित्र इतके काळवंडते की पेटलेले दिवे दिसतच नाहीत, कोपऱ्यातले वाहिनीचे बोधचिन्ह मात्र लख्ख असते. हे चित्रपट सरकारने मोफत खुले करावेत, अशा ऑनलाइन निवेदनावर मी सही केली आहे. ऐंशी वर्षांनंतर यावर कोणाचा हक्क उरतो का?

कलम_शोधक: १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा प्रताधिकार (कॉपीराइट) प्रदर्शनाचे वर्ष संपल्यापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे या हिशेबाने ‘तानसेन’ची मुदत २००३ अखेर संपली. गाणी सुटी काढून वापरायची झाल्यास मात्र जपून! सैगल यांच्याच ‘शाहजहान’ (१९४६) चे संगीतकार नौशाद २००६ मध्ये गेले आणि संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो.

जुनी_तबकडी: मुदत संपल्याने फक्त मज्जाव उठतो, ज्याच्या कपाटात रीळ आहे त्याने ते बाहेर काढावे, अशी सक्ती कायदा करत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती दमट हवेत आधी चिकटते, मग तिची भुकटी होते, आणि पेटली तर विझवणे कठीण. २००३ साली पुण्यातल्या आगीत अशी कितीतरी रिळे गेली. म्हणून ‘मोफत द्या’ म्हणण्याआधी, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सैगल यांच्या कोणत्या चित्रपटांची किती रिळे, कोणत्या अवस्थेत आहेत, हे जाहीर करा, असे निवेदनात लिहायला हवे होते.

परळकर: सहमत, पण खर्चाचे कारण पुढे करून टाळाटाळ होऊ नये. खासगी संस्थेने पदरमोड करून चित्रपट स्वच्छ केला तर तिने तिकीट लावावे, माझी तक्रार नाही. जनतेच्या पैशातून झालेली प्रत मात्र जनतेला पुन्हा विकू नये.

गिरगावकर: आभारी आहे. रिळांच्या यादीचा मुद्दा निवेदनकर्त्यांना आजच कळवतो. वडिलांच्या कपाटात ‘तानसेन’ची एक व्हीएचएस कॅसेट सापडली आहे, पण फितीवर पांढरी बुरशी दिसते. ती साफ करून देणारे दादर-गिरगाव भागात कोणी आहे का?