वाड्यातले स्मार्ट स्विच दुपारी बंद पडतात, राउटर बदलू का?

माडीवरचा
नमस्कार मंडळी. प्रश्न वायफायचा आहे, पण आधी घर सांगावं लागेल.

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ वाड्यातला आमचा वाटा. खाली दोन खोल्या, पुढे चौक, वर माडी. भिंती दीड-दोन फूट जाड. यंदा दुरुस्ती काढली. गवंडी माघात येतो म्हणाला आणि उगवला होळीच्या आदल्या दिवशी. धुळवडीला वीरांची मिरवणूक बघायची म्हणून दुपारीच पसार. मला रंगपंचमीच्या आत उरकायचं होतं, कारण रहाडीत (रंगाच्या हौदात) धप्पे मारून आलेली भाचरं थेट आमच्या मोरीवर आदळतात. उरकलं नाही. नव्या रंगाच्या भिंतीवर आता पाच गुलाबी पंजे आहेत, ते असू देत.

मुलीने पुण्याहून चार स्मार्ट स्विच पाठवले. काडेपेटीएवढे डबे, बोर्डाच्या मागे बसतात, वरची बटणं जुनीच राहतात. आई ७६ वर्षांची, रात्री उठली की जिन्यातलं बटण चाचपडते, म्हणून ही सोय. शिवरात्रीच्या सुमारास वायरमनने बसवून दिले. तेव्हा मेन बोर्डातला नवा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) अधूनमधून पडायचा. होळीनंतर चौकात शहाबादी टाकली (सांधे भरायचे राहिलेत), त्या दिवसापासून तो पडायचा थांबला. तेवढं बरं झालं.

पण स्विच बिघडले. सकाळी टुणटुणीत, दुपारी दीडनंतर फोनवर ‘ऑफलाइन’. आणि तसं झालं की भिंतीवरचं बटण दाबूनही दिवा लागत नाही. आई म्हणते, आधीचं बटण मुकं होतं पण ऐकत तरी होतं. परवा रात्री ती हातात बॅटरी घेऊन जिना उतरत होती, मला फार वाईट वाटलं.

माझा अंदाज असा की पहाटे गोधडी लागते, पण दुपारी माडीवरचा पत्रा तापतो आणि राउटर त्याच्याच खाली आहे. मेश (घरभर वायफाय पसरवणारे जोडीचे डबे) घेऊ की दुसरा राउटर? बजेट पाच हजार.

जाता जाता: फ्रिजच्या दांड्याला हात लावला की आईला मुंग्या येतात. ती घरात अनवाणी असते, मी चपला घालतो. फ्रिज जुना झालाय, तो वेगळा विषय.

कॉलेजरोडकर
मेशच घ्या. हे डबे २.४ गीगाहर्ट्झवरच चालतात. राउटरवर दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ) एकच नाव असेल तर वेगवेगळं करून बघा, फुकटात काम होईल. आणि राउटर पत्र्याखालून काढा हो, अंडं उकडेल त्यावर.

सिडकोचा_वायरमन
दादा, मेश राहू द्या. मुंग्या हा वेगळा विषय नाही, तोच विषय आहे. आधी मेन पाडा आणि फ्रिजची पिन काढा. नंतर चारही डब्यांचं सर्किट ज्या एमसीबीवर आहे ती तशीच खाली ठेवून बाकीचं चालू करा, फ्रिज मात्र लावू नका.

मग सांगा: जिन्याच्या बोर्डात प्लग आहे का? डब्याच्या न्यूट्रलच्या खाचेत कुठल्या रंगाची वायर आहे? लांबून बघा, बोट घालू नका. आणि त्या चौकात अर्थिंगचा खड्डा होता का?

माडीवरचा
पाडली. आई मेणबत्ती लावून बसलीय आणि तुम्ही कोण म्हणून विचारतेय.

प्लग नाही, दोनच बटणं. वायर हिरवी. आमचा वायरमन म्हणाला होता, “न्यूट्रल बोर्डात उतरवलेलाच नाही. भिंत चिरावी लागेल, त्यापेक्षा ही आहे ना.” भिंत वाचली म्हणून मी त्याला वर चहा पाजला.

खड्ड्याचं आईलाच माहीत होतं. तुळशीमागे लोखंडी झाकण होतं. फाल्गुन लागला की ती रोज दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी त्यावर ओतायची. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून ठेवलं होतं. मला वाटायचं तुळशीलाच घालते. आता झाकण फरशीखाली गेलंय.

सिडकोचा_वायरमन
मग सगळं जुळलं.

हिरवी म्हणजे अर्थिंग. ती न्यूट्रल म्हणून वापरायचीच नसते. स्मार्ट डबा चोवीस तास जागा असतो, थोडा करंट सतत खातो. तो करंट न्यूट्रलने परत यायच्या ऐवजी जमिनीत जात होता. ईएलसीबीला ती गळती दिसते. ३० मिलीअँपचा असला तरी १५ च्या पुढे तो कधीही पडू शकतो. चार डब्यांची गळती, त्यात फ्रिजची थोडी मिळाली की पडला. त्याचं काहीच चुकत नव्हतं.

फरशी टाकल्यावर पडायचा थांबला, हे बरं झालं नाही दादा. खड्ड्याकडे जाणारी पट्टी तुटली असणार, म्हणून गळायलाच वाट उरली नाही. माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, पण नुसत्या सुकण्याने एवढं होत नाही. आता घरातली सगळी हिरवी वायर त्या डब्यांमधून फेजला लोंबकळतेय, आणि फ्रिजची बॉडी त्याच वायरवर आहे. आई अनवाणी, म्हणून तिला कळलं.

एकच कोडं राहतं. सकाळी कसे चालतात? चौकात सकाळी पाणी पडतं का?

माडीवरचा
सडा! आई साडेसहाला चौकात बादलीभर पाणी मारते. सांधे उघडेच आहेत. दुपारपर्यंत सुकतं.

म्हणजे महिनाभर आमचं ‘स्मार्ट होम’ आईच्या सड्यावर चालत होतं.

सिडकोचा_वायरमन
ओल्या मातीतून पट्टीची दोन टोकं जेमतेम जुळत होती. डब्याला तेवढं पुरतं, माणसाला वाचवायला पुरत नाही. परवाना असलेला वायरमन बोलवा. त्याच सर्किटचा न्यूट्रल जिन्यापर्यंत आणायला सांगा, दुसऱ्या सर्किटचा उचलू नका. भिंत चिरायची नसेल तर बाहेरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी) मारा. आणि खड्डा उघडा करा.

पंचवटीची_मावशी
आमच्याकडे खड्डा फरशीत आला तेव्हा वर उचलायचं झाकण ठेवलं आणि पाणी घालायला पाइपाचं तोंड बाहेर काढलं. वीतभरच दिसतं. शेजारी कुंडी ठेवली की झालं. बिना न्यूट्रलचेही डबे मिळतात म्हणून जावयाने आणले होते, पण ते दिव्यातूनच थोडा करंट ओढतात. बारका एलईडी बंद केला तरी रात्रभर मिणमिणायचा. मी परत दिले.

माडीवरचा
चार दिवसांनी कळवतोय. दुसरे वायरमन आले. तपासायला सगळं क्षणभर चालू करून टेस्टर फ्रिजच्या बॉडीला लावला तर पेटला, ते बघून माझे हातपाय गार पडले. तुळशीमागच्या दोन फरश्या काढल्या. पट्टी गंजून कागद झाली होती, गवंड्याच्या पहारीने उरलीसुरली गेली. नवी पट्टी, कोळसा, मीठ, वर झाकण आणि पाइपाचं तोंड. जिन्यात केसिंग पट्टी मारली, पांढऱ्या भिंतीवर पांढरी, वाईट दिसत नाही. डबे दुपारीही चालतात. राउटर आहे तिथेच आहे, पत्र्याखाली.

मावशी, तुमच्या पाइपाची आयडिया आईला आवडली. तांदळाचं पाणी आता तिथे जातं. मात्र जिन्यातला आपोआप लागणारा दिवा तिने मुलीला फोन करून बंद करायला लावला. पायरीवर पाय ठेवायच्या आधी उजेड झाला की दचकायला होतं म्हणे.