फळमाशी: सगळ्या लोकसवर हेटेरोझायगोट कमी, मदत हवी आहे (तातडीने)

सागरलाट:
मंगळवारी गाइडना निकाल दाखवायचेत. रत्नागिरी, देवगड आणि पालघरच्या माश्यांचं मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) केलं. जवळजवळ प्रत्येक लोकसवर (डीएनएवरची तपासलेली जागा) हेटेरोझायगोट (त्या जागी दोन वेगळे अलील, म्हणजे दोन वेगळी रूपं असलेल्या माश्या) अपेक्षेपेक्षा कमी. तिन्ही ठिकाणांमधला एफएसटी (जनुकीय फरकाचं माप) मात्र शून्याजवळ. असे लोकस टाकून द्यायचे का? मग उरणार काय?

रानपाखरू:
कुठली फळमाशी? पकडल्या कशा?

प्राइमरवाला:
नल अलील, दुसरं काही नाही. प्राइमर (लोकसच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसतो त्या जागी बदल असला की एक अलील दिसतच नाही आणि हेटेरोझायगोट माशी होमोझायगोट (दोन्ही अलील सारखे) वाचली जाते. मी नवे प्राइमर मागवले, प्रश्न सुटला. तुम्हीही मागवा.

सागरलाट:
मंगळवारपर्यंत प्राइमर कुठून येणार! आंब्यावरचीच माशी, डॉर्सॅलिस. मिथाइल युजेनॉलच्या (नर माश्यांना ओढणारं रसायन) सापळ्यातली.

हापूसवाला_देवगड:
ताई, सापळे उशिरा लावून उपयोग नाही, फळ पक्व व्हायच्या आधी लावा. आणि खाली पडलेला आंबा रोज उचलून खोल पुरा. 2014 ला फळमाशीपायी युरोपनं आपला आंबा बंद केला होता, विसरू नका.

रानपाखरू:
काका, प्रश्न तो नाही. सागरलाट, मिथाइल युजेनॉलला झोनाटा आणि करेक्टा या दुसऱ्या फळमाश्यांचे नरही येतात. ते वेगळे काढले होते का? डॉर्सॅलिसच्या पंखाच्या कडेची पट्टी टोकापर्यंत सलग असते, या दोघांची तुटक.

प्राइमरवाला:
जातींचं काय घेऊन बसलात? 2003 साली केनियात सापडलेली, वेगळी जात मानलेली इन्वाडेन्स शेवटी डॉर्सॅलिसच ठरली ना?

रानपाखरू:
ठरली, पण झोनाटा आणि करेक्टा आजही वेगळ्या जाती आहेत. नल अलील सहसा एखाद्‌दुसऱ्या लोकसला त्रास देतात. सगळीकडे एकदम तूट आली की आधी वाहलुंड परिणामाची शंका घ्यावी. दोन जाती एकत्र मोजल्या तर हेटेरोझायगोट कमीच भरणार. आणि तिन्ही ठिकाणी साधारण तीच सरमिसळ असेल तर एफएसटीही शून्याजवळ येईल. तुमचे दोन्ही निकाल यात बसतात.

सागरलाट:
वेगळे नव्हते काढले. पंख आता नाहीत, डीएनएला अख्खी माशी वापरली.

रानपाखरू:
डीएनए उरलाय ना? सीओआय (जात ओळखायला वापरतात तो जनुक) करा, या तीन जाती त्यात सरळ वेगळ्या पडतात. तोवर आहे त्याच डेटावर ठिकाण न सांगता क्लस्टरिंग (सारख्या माश्यांचे गट पाडणं) चालवा. प्रत्येक ठिकाणच्या माश्या दोन गटांत विभागल्या गेल्या, तर मंगळवारी तेच दाखवा. लोकस एकही टाकू नका.

हापूसवाला_देवगड:
म्हणजे सापळ्यात येते ती सगळी आंब्याचीच माशी नसते? आमच्या शेजारी पेरूची बाग आहे, तिथली येत असेल का?