समुद्राखालचं गाणं आणि सासूबाईंची चिंबोरी

बोरिवली_स्लो:

मागच्या आठवड्यात पावसामुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली, तीही सकाळी पावणेसातला, डबा भरून झाल्यावर. सात वर्षांची लेक घरात, मी घरून लॉगिन, आणि सासूबाई चार दिवसांसाठी रेवदंड्याहून आलेल्या. लेकीला टीव्हीसमोर बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी 1989 चा कार्टूनवाला 'द लिटल मर्मेड' लावला, जेवणं झाल्यावर 2023 चा माणसांचा. पहिला 83 मिनिटांचा, दुसरा 135. (माझी अख्खी मीटिंग दुसऱ्यात बसली, त्या हिशेबाने मला तोच जास्त आवडायला हवा होता.)

तर झालं असं. खेकडा जलपरीला समजावतो की बाई गं, वर जमिनीवर काही ठेवलेलं नाही, खाली पाण्यातच मजा आहे, ते 'अंडर द सी' गाणं. कार्टूनमध्ये ते लागलं तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. इंग्रजीशी त्यांचा संबंध नाही. अर्ध्या गाण्यात मेथी बाजूला राहिली आणि बोटं पेपरवर ठेका धरायला लागली. दुपारी तेच गाणं, तीच चाल, संगीतकारही तोच, अ‍ॅलन मेंकन. खेकडा पडद्यावर आला आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर खरीच चिंबोरी!" पुढे गाणं संपेपर्यंत आमच्याकडे चिंबोरी अमावास्येला भरलेली मिळते की पौर्णिमेला, यावर चर्चा. गाणं कोणी ऐकलंच नाही.

पैसा जास्त, मासे जास्त, रंग जास्त. मग गाणं का पडलं? आणि वरची 52 मिनिटं गेली कुठे? कृपया "बालपणीच्या आठवणी" असं उत्तर देऊ नका. सासूबाईंनी दोन्ही सिनेमे एकाच दिवशी, वयाच्या 71 व्या वर्षी पहिल्यांदा पाहिले आहेत.


खडूस_दादरकर:

सोपं आहे. जुन्या पातेल्याला कल्हई लावली की नवं पातेलं विकायचा त्रास वाचतो. आईबाप आपल्या लहानपणासाठी तिकीट काढतात, पोरं आपोआप येतात, वर पॉपकॉर्न. गाणं पडलं की उभं राहिलं याची तिकिटाच्या खिडकीवर नोंद होत नाही.

अवांतर: चिंबोरी अमावास्येचीच.


लूपवाला:

दादरकर, धंद्याचं तुमचं बरोबर आहे, पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे आणि तो माझ्या पोटापाण्याचा आहे. गेली एकोणीस वर्षं अंधेरी पश्चिमेला डबिंगमध्ये आहे, त्यातली बारा गाण्यांच्या ओळी बसवण्यात गेली. या सिनेमावर मी काम केलेलं नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या कामात अर्थ दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर ओठ. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले आणि आपल्या ओळीत त्या जागी 'क' असला, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. उलटंही तसंच. बोलण्यात हे निभावून नेता येतं. पात्र पाठमोरं असलं, मान वळवली, की आम्ही दोन शब्द गुपचूप सरकवून घेतो. गाण्यात ओळीच्या शेवटी सूर लांबतो आणि कॅमेरा नेमका तेव्हाच तोंडाजवळ येऊन बसतो. पळायला जागा नाही.

एक रात्र सांगतो. परदेशी सिनेमा, खरी हिरॉइन, शेवटचा सूर चार-पाच सेकंदांचा. मी ओळ संपवली होती 'साथ' वर. छान अर्थ, यमकही जुळलेलं. गायिकेने पहिल्याच टेकमध्ये सुरेल लावलं. आणि रेकॉर्डिस्टने फ्रेम थांबवून मला आत बोलावलं. पडद्यावर पोरीचे ओठ कानांकडे ताणलेले, वरचे दात दिसतायत, म्हणजे ती लांबवतेय 'ई', आणि माझा 'आ' त्या तोंडातून येतोय. दातदुखीवाल्याने हाक मारावी तसं. 'अभी' केलं तर ओळीचा अर्थ उलटा होत होता. 'नहीं' केलं तर क्लायंट म्हणाला, नकारावर संपवू नका. शेवटी 'यहीं' वर तडजोड झाली. तोवर गायिकेची नजर घड्याळावर, कारण तिला विरार गाठायचं होतं. एका अक्षरासाठी तीन तास गेले.

हाच सूर कार्टूनमध्ये असता तर काय? रेघेने काढलेलं एक मोठं लंबगोल तोंड. 'आ' घाला, 'ए' घाला, ते बिचारं काही म्हणत नाही. कार्टूनवाले आवाज आधी रेकॉर्ड करतात आणि त्यावर चित्रं काढतात. सेकंदाला 24 फ्रेम, बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेमना, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तोंडाचे आकार मोजकेच, त्याच त्या संचातून घेतलेले. पण गंमत तोंडात नसतेच. चित्रकार ठेका कुठेही ठेवू शकतो. पापणीत ठेवेल, कोपरात ठेवेल, सबंध खेकडा समेवर पुरीसारखा चपटा करेल आणि पुढच्या मात्रेला वर ताणेल. सासूबाईंना इंग्रजी कळलं नाही तरी ताल डोळ्यांनी दिसला, म्हणून बोटं हलली.

आता 2023 चा खेकडा घ्या. कवच टणक, चपटंही होत नाही, लांबतही नाही. डोळे दांड्यांवर. तोंड कुठेतरी खाली, एवढंसं. ओठ नाहीतच. ज्याला ओठ नाहीत त्याच्याकडून 'म' कसा म्हणवून घ्यायचा? 'द जंगल बुक'च्या 2016 च्या हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि थिएटरात अंगावर काटा आला होता. तिथे चाललं, कारण वाघ बोलत होता, गुरकावत होता. त्या वाघाला तीन कडव्यांचं नाचगाणं दिलं असतं तर नानांनाही कठीण गेलं असतं.

दिग्दर्शक रॉब मार्शल हा माणूस नाचगाण्यातलाच. त्याने न्यूयॉर्कच्या अ‍ॅल्विन एली कंपनीचे नर्तक बोलावून हे गाणं आधी माणसांकडून नाचवून घेतलं आणि त्यावरून कॉम्प्युटरवाल्यांनी मासे, कासवं हलवली. म्हणून पुन्हा पाहाल तर मागची गर्दी सुरेख फिरते. पुढे उभा गायक मात्र बाजारातला राहिला.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी नुसता कार्टूनचा वकील ठरेन. जलपरी गुहेत एकटी बसून माणसांच्या जगाबद्दल गाते ते गाणं मला नव्यात जास्त भावलं. नव्यातल्या जलपरीचा, हॅली बेलीचा, गळा हलताना दिसतो, श्वास भरताना छाती वर येते. ते कुठल्याही पेन्सिलीला जमायचं नाही. गंमत म्हणजे 1989 मध्ये एका चाचणी खेळात मुलं चुळबुळ करायला लागली म्हणून हेच गाणं कापायला निघाले होते! ते करणाऱ्यांनी भांडून ठेवलं. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमनने तर रेकॉर्डिंगच्या वेळी बूथमधले दिवे मंद करून कार्टूनमधल्या जलपरीचा आवाज असलेल्या जोडी बेन्सनकडून ते गाऊन घेतलं होतं, असं ती स्वतः सांगते. आमच्याकडे दिवे मंद करायला सांगितलं तर रेकॉर्डिस्ट विचारेल, बिल भरायचं राहिलंय का.

52 मिनिटांचा हिशेब असा: अ‍ॅशमन 1991 मध्येच गेला, त्यामुळे नवी गाणी लिन-मॅन्युएल मिरांडाने लिहिली. राजपुत्राला एक गाणं आलं, कार्टूनमध्ये त्याला गाणंच नव्हतं. जलपरीला आणखी एक. पक्षी आणि खेकड्याचं एक, ते मी पुढे ढकलून पाहिलं. शिवाय राजपुत्राला आई मिळाली, बेटाला बाजार मिळाला. आणि एक जुनं गाणं उडवलं: स्वयंपाकी त्या खेकड्याला पातेल्यात घालायला निघतो, ते. सासूबाईंना नेमकं तेच लागलं असतं.


रोटो_मालाड:

मी मालाडला नाइट शिफ्टमध्ये दुसऱ्यांच्या सिनेमांतल्या (नटांना टांगायच्या) तारा पुसतो, त्यामुळे दोन पैसे माझेही. लूपवाल्यांचं ओठांचं पटलं, पण पाणी विसरू नका. ती समुद्राखालची दृश्यं पाण्यात शूट झालेली नाहीत. नट कोरड्या स्टुडिओत रिगवर टांगलेले, मागे निळा पडदा, पाणी आणि तरंगणारे केस नंतर घातलेले. आता पाणी खरं वाटायचं तर केस सावकाश हलायला हवेत. हात फिरला की केस मागून, अर्ध्या सेकंदाने. गाण्याचा ठेका मात्र फटाफट पुढे चाललेला. कार्टूनमध्ये पाणी म्हणजे निळा रंग आणि चार बुडबुडे, हवं तेव्हा आहे, नको तेव्हा नाही. खऱ्या पाण्यात ढोलकी वाजवून बघा.


विंगेतला:

लूपवाले, तुमची एकोणीस तर माझी तेहतीस वर्षं. बालनाट्याला रंगभूषा. दादरचं शिवाजी मंदिर, परळचं दामोदर, मे महिन्यात दिवसाला तीन प्रयोग. आणि मला तुमचं ओठांचं पुराण अर्धंच पटतं.

आमच्या एका नाटकात चेटकिणीचं नाक कापसाचं, वर टिश्यू आणि गम, त्यावर हिरवा रंग. मे महिना, एसी बंद, नटाला घाम. दुसऱ्या अंकात मुलांना शाप देता देता नाक सुटलं ते थेट पहिल्या रांगेत. मी विंगेत डोक्याला हात लावून उभा. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठली, दोन बोटांत नाक धरून स्टेजपाशी आली आणि म्हणाली, "चेटकीणबाई, तुमचं नाक." नटाने वाकून घेतलं, "थँक्यू, आता तुला शेवटी खाईन," म्हणाला. आणि पोरगी किंचाळत आईच्या कुशीत! नाक खोटं आहे हे तिने स्वतःच्या हाताने तपासलं होतं, तरी घाबरली.

मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, 2018 च्या नव्या संचात वैभव मांगलेंनी केली. बाईच्या वेशात पुरुष आहे हे बाल्कनीतल्या शेवटच्या पोरालाही दिसतं. त्याने चिंचीचं काही बिघडलं नाही. ताईंच्या कार्टूनमधली ती आठ हातांची समुद्र-चेटकीण, उर्सुला, तीसुद्धा कोणावरून काढली? डिव्हाइन नावाच्या अमेरिकन नटावरून, जो बायकांची सोंगं करायचा. म्हणजे तिकडची चिंचीच. नव्यात मेलिसा मॅकार्थी ते करते आणि मला ती अख्ख्या सिनेमात उजवी वाटली, कारण ती खरी दिसायच्या भानगडीत पडत नाही. डोळ्यावर निळं थापलंय, भुवया कपाळात, आणि बाई मजेत आहे.

माणसं घेतली म्हणून मासेही मच्छीमार्केटमधून आणलेच पाहिजेत असं कोणी सांगितलं? याच शहरात 2015 मध्ये वरळीच्या डोममध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट' झालं, 2018 मध्ये एनसीपीएला 'अल्लादीन'. दोन्ही मूळ कार्टून, दोन्ही स्टेजवर जिवंत माणसांनी केलेली. किटली म्हणून किटलीच्या पोशाखातली बाई गात होती आणि शेजारचे आजोबा माना डोलावत होते. एक नट, डोक्यावर दोन नांग्या, लाल सदरा, एवढ्यात तुमचा खेकडा झाला असता.


लूपवाला:

काका, नमस्कार. पण नाक पडलं तरी तुमच्या नटाचे ओठ जागेवर होते ना? 😄

ताई, एक करून बघा. दोन्ही सिनेमांत ते खेकड्याचं गाणं टीव्ही म्यूट करून लावा. लेकीला काही सांगू नका, नुसतं तिच्या पायांकडे बघा.


बोरिवली_स्लो:

केलं. काल रात्री, भांडी आवरल्यावर.

कार्टून म्यूट: लेक आधी "आवाज गेला, आवाज गेला" करून रडकुंडीला. मग गप्प. मग सोफ्याच्या कडेवर टाचा आपटायला लागली. मी मोबाइलवर गाणं लावून कानात घातलं, अगदी ठेक्यात नाही, पण फार लांबही नव्हती. लूपवाले, हा गुण तुम्हाला.

नवा म्यूट: खेकडा आला तेव्हा पाय थांबले. विचारलं, "आई, हा बोलतोय की जेवतोय?" पण पुढे ते कासवं आणि जेलीफिशचं गोल फिरणं आलं तेव्हा स्वतः उठून गोल फिरली आणि टीपॉयवर आपटली. म्हणजे एली कंपनीच्या नर्तकांनाही गुण द्यावा लागेल, आणि टीपॉयचा कोपरा कोणी भरून देणार असेल तर सांगा.

सासूबाई परवाच परत गेल्या. फोनवर हे सगळं सांगितलं, त्या स्वयंपाक्याच्या गाण्याचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जिवंतच टाकतो का तो पातेल्यात? आधी नांग्या मोडायला हव्यात."