पसरणी घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये, कॅम्पर केलेली ट्रॅव्हलर, तातडीने मदत हवी आहे

फिरस्ता_८२
नमस्कार मंडळी. वेळ नाही, थोडक्यात लिहितो. सहा महिन्यांपूर्वी जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि कॅम्पर करून घेतली. पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळं झालंय. गेल्या शनिवारी पहिली मोठी फेरी काढली. संध्याकाळी पुण्याहून निघालो, खंबाटकी आरामात चढली. रविवारी सकाळी पसरणी घाटात अर्ध्यावर काटा लालमध्ये. तासभर थांबून पुन्हा निघालो, दोन वळणांत परत तेच. पाचगणीचा नाद सोडला आणि उतरून घरी आलो.
मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, पंचेचाळीस हजार. येत्या शुक्रवारी आंबोलीमार्गे गोव्याला निघायचंय, आई आणि पोरं आत्तापासून बॅगा भरून बसलीत. इंजिन उतरवायचं की नाही, एवढंच सांगा.

वंगणवाला
एवढंच कसं सांगणार? "पोट दुखतंय, ऑपरेशन करू का" असं फोनवर विचारल्यासारखं झालं हे. मॉडेल कुठल्या सालचं? किती चाललीय? रेडिएटरमध्ये कूलंट आहे की बोअरचं पाणी? पाणी कमी होतं का? धुराचा रंग? ऑइलच्या काडीवर दुधाळ काही दिसतं का?

फिरस्ता_८२
२०१२. मीटर २ लाख ८० हजार दाखवतो, खरं खोटं देव जाणे. कूलंट हिरवं आहे, कमी झालेलं नाही. धूर नेहमीसारखा. ऑइल काळं. आता सांगा.

आजरेकर
सोप्पं आहे. थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. आमच्याकडे आजरा-आंबोली पट्ट्यात निम्म्या वडापवाल्यांनी काढलाय. माझी मॅटॅडोर अकरा वर्षं त्याच्याशिवाय चालली, एकदासुद्धा तापली नाही. खर्च शून्य.

पुणेरी_पाना
@आजरेकर, कृपा करून हा सल्ला देऊ नका. ट्रॅव्हलर मुळात मर्सिडीजच्या व्हॅनवरून आली आणि इंजिनही मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ डिझेलच्या घराण्यातलं. त्यात थर्मोस्टॅटला दोन कामं असतात. गरम झाला की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला तर बायपास कायम उघडा राहतो. म्हणजे बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच गरमगरम इंजिनात परत फिरतं. थंडीत इंजिन तापत नाही आणि घाटात थंड होत नाही, असं दोन्हीकडून नुकसान.
शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा आणि पाणी तापवा. ऐंशी अंशांच्या आसपास उघडायला लागला तर तो निर्दोष. (पातेलं स्वयंपाकाचं घेऊ नका, मी शिव्या खाल्ल्यात.)

आजरेकर
पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत राव. अकरा वर्षं म्हटलं मी.

वंगणवाला
@फिरस्ता, रेडिएटर नळ्यांमधून चोंदलाय असा माझा अंदाज. हिरवं कूलंट आत्ता आहे, आधीच्या मालकाने दहा वर्षं बोअरचंच पाणी ओतलं असणार. गाडी गरम असताना रेडिएटरवर मागच्या बाजूने हात फिरवून बघा (पंखा बंद असताना!). मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद. खोलून साफ करून घ्या, इंजिन उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. आणि गाडीत भरलंय काय काय? वजन केलंत?

फिरस्ता_८२
वाईत वजनकाट्यावर घातली होती. पाण्यासकट २७८० किलो. आधी तेरा माणसं आणि त्यांचं सामान घेऊन हीच गाडी महाबळेश्वरच्या ट्रिपा करत होती, त्यापेक्षा कमीच भरतंय. वजनाचा प्रश्न नाही.

नियमावली
तेरा माणसं म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी. नंबरप्लेट पांढरी की पिवळी?
कारण विचारतोय ते असं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. सीट काढून पलंग टाकला की तो बदलच. २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेत "खासगी वापराची कॅम्पर व्हॅन" हा प्रकार बिगरवाहतूक वाहनांत स्पष्ट दिलाय, त्यामुळे रीतसर मार्ग आहे. पण तो न घेता अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. शिवाय वाहतूक गटातल्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. तुमचं कधी संपतंय?

फिरस्ता_८२
साहेब, ते बघू नंतर. मला काट्याचं सांगा. आज मंगळवार आहे.

श्टुटगार्टकर
धागा वाचून मजा आली. मी इथे जर्मनीत १९९२ ची फियाट डुकाटो घेतली, १.९ टर्बो डिझेल, ८२ अश्वशक्ती, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. माझा अनुभव सांगतो: इंजिनाचं टेन्शन घेऊ नका, ओल बघा! इथल्या जुन्या मोटरहोमना लाकडी सांगाडा आणि वरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. खिडकीच्या कडेचा डिंक सुकला की पाणी आत शिरतं आणि वर्षानुवर्षं आतलं लाकूड कुजत राहतं, बाहेरून काही कळत नाही. मी घेताना ओल मोजायचं यंत्र घेऊन गेलो होतो तरी फसलो. पुढच्या कोपऱ्यातला वॉलपेपर सोलला तर आतला लाकडाचा पट्टा हाताने चुरडला, भिजलेल्या टोस्टसारखा. पूर्ण उन्हाळा त्यात गेला.
आता गाडीला तीस वर्षं झाली म्हणून जुन्या गाड्यांचा एच नंबर मिळाला. वर्षाला १९१ युरोचा ठरीव कर आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात हिरव्या स्टिकरशिवाय प्रवेश. भारतात असं काही आहे का?

वंगणवाला
दादा, त्यांची गाडी पूर्ण पत्र्याची आहे आणि पसरणीत तापतेय. लाकूड कुठून आलं?

श्टुटगार्टकर
अनुभव सांगितला फक्त. घेतील की कुणीतरी.

शलाका_खवय्यी
फिरस्ता, आत ओटा केलाय म्हणता तर सिलिंडर कुठला ठेवलाय? १४.२ किलोचा घरचा बंद गाडीत नका हो ठेवू. आणि बाथरूमचं काय केलंत? आम्हालाही करायचीय अशी गाडी, सासूबाईंचा तोच पहिला प्रश्न आहे. फोटो टाकाल का?

फिरस्ता_८२
ताई, पाच किलोचा आहे आणि मागचं दार उघडं ठेवूनच वापरतो. बाथरूम नाही. फोटो नंतर. बाकी कुणाला *काट्याबद्दल* काही माहीत आहे का?

आजरेकर
थर्मोस्टॅट.

अप्पा_डेपो
मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. सहसा लिहीत नाही, मुलगा टाइप करून देतोय. तीन प्रश्न विचारतो, नीट उत्तरं द्या.
१) खंबाटकी संध्याकाळी चढलात आणि पसरणी सकाळी. मधली रात्र कुठं काढली?
२) रात्री फ्रिज कशावर चालला?
३) सकाळी गाडी चालू केली तेव्हा इंजिनाचा पट्टा (फॅनबेल्ट) ओरडला का?

पुणेरी_पाना
अप्पा, पसरणी खंबाटकीपेक्षा लांब आणि वळणाची आहे, फरक त्याचाच असणार ना?

अप्पा_डेपो
असंल. आधी त्यांना बोलू द्या.

फिरस्ता_८२
मुक्काम मेणवलीजवळ नदीकाठी. फ्रिज घरचाच जुना सिंगल डोअर, इन्व्हर्टरवर. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत. पहाटेच इन्व्हर्टर बीप बीप करत बंद पडला, आई उठून बसली. सकाळी पट्टा ओरडला, हो. पण तो नवा आहे, नवे पट्टे ओरडतातच असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. याचा तापण्याशी काय संबंध?

वंगणवाला
नवा पट्टा का टाकला होता?

फिरस्ता_८२
मोठा ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बसवला म्हणून. १२० अँपिअरचा, जुन्या बाजारातून एका ट्रकचा मिळाला. चालता चालता मागच्या बॅटऱ्या चार्ज व्हायला. कॅम्पर म्हटल्यावर ते आलंच, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

वंगणवाला
आलंच!! दोन दिवस आम्ही रेडिएटर खोलतोय इथे आणि म्हणे आलंच.

अप्पा_डेपो
आता ऐका. तुमच्या इंजिनात पाण्याचा पंप, पंखा आणि ऑल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात. १२० अँपिअर गुणिले चौदा व्होल्ट म्हणजे जवळजवळ सतराशे वॅट. त्यातली घट धरली तर ऑल्टरनेटर पट्ट्यातून तीन अश्वशक्ती ओढतो. शनिवारी बॅटऱ्या घरूनच भरलेल्या होत्या, ऑल्टरनेटरला काम नव्हतं, खंबाटकीत काही झालं नाही. रविवारी त्या रिकाम्या. रिकाम्या बॅटऱ्या मिळेल तेवढा करंट पितात, आणि तुम्ही मेणवलीहून निघून थोड्याच वेळात घाटाला लागलात. दुसऱ्या गिअरला गाडी चढतेय, समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पट्टा घसरला की पंखाही मंद आणि पाणीही मंद. काटा वर जाणारच.
बॉनेट उघडा आणि बघा: पट्ट्याच्या आसपास काळा भुगा पडलाय का? पट्ट्याच्या दोन्ही बाजू चकाकतात का? अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुलीच्या (पट्टा ज्या चाकावर फिरतो त्याच्या) खाचेचा *तळ* बघा. व्ही पट्टा बाजूंनी पकड घेतो, तो तळाला टेकता कामा नये. ट्रकच्या पुलीची खाच रुंद असते.

पुणेरी_पाना
अप्पा, दंडवत. पण १२० हा कमाल आकडा झाला. कमी आरपीएमला तेवढा करंट निघत नाही.

अप्पा_डेपो
नाही निघत. ऐंशी निघाला तरी सैल पट्ट्याला पुष्कळ झाला.

आजरेकर
पट्टा बदला आणि थर्मोस्टॅटपण काढा. दोन्ही होऊन जाऊ दे.

नियमावली
पांढरी की पिवळी ते राहिलंच.

फिरस्ता_८२
बुधवार, रात्रीचे अकरा. बॉनेट उघडलं. आतल्या पत्र्यावर काळा भुगा, बोट फिरवलं तर काजळासारखा लागला. पट्टा अंगठ्याने दाबला तर चांगला इंचभर आत गेला. ऑल्टरनेटरच्या पुलीचा तळ आरशासारखा चकाकतोय, मोबाइलचा टॉर्च मारला तर डोळ्यांत आला. शेजारी पाण्याच्या पंपाची पुली मात्र तळाला गंजलेली, म्हणजे तिथे पट्टा कधी टेकलाच नाही. हे दोन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर मलासुद्धा कळलं.
संध्याकाळीच मागच्या बॅटऱ्यांची वायर सोडवून, पट्टा ताणून, कात्रजचा जुना घाट दोनदा चढलो. काटा निम्म्यावर. हलला नाही.

वंगणवाला
घ्या. पंचेचाळीस हजार वाचले. पुली नाना पेठेत शोधा, नाहीतर लेथवाल्याकडून मापात करून घ्या. बसवल्यावर तिन्ही पुल्या एका रेषेत येतात का ते सरळ पट्टी लावून बघा, नाहीतर नवा पट्टा महिन्यात जाईल. रेडिएटर तरी एकदा साफ करून घ्याच, माझं म्हणणं कायम आहे.

अप्पा_डेपो
पुली बदलली तरी परतताना आंबोलीच्या पायथ्याला बॅटऱ्या रिकाम्या घेऊन जाऊ नका. वायरीत एक मोठा स्विच टाका, घाट आला की बंद. आणि कधी तापलीच तर केबिनचा हीटर पूर्ण सोडा, इंजिन लगेच बंद करू नका, उभ्याने जरा वेगात फिरू द्या. काटा खाली आला की मग बंद. टोपण गरम असताना उघडायचं नाही आणि गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. एसटीत आम्ही त्यावरून पोरांना बाकावर उभं करायचो.

श्टुटगार्टकर
इथे सगळे छपरावर सोलर लावतात. दोन पॅनल टाका, ऑल्टरनेटरची कटकटच संपेल.

वंगणवाला
तुम्ही पहिल्यांदा विषयावर बोललात.

फिरस्ता_८२
सोलर दिवाळीनंतर. पुली मिळाली, लेथवाला उद्या दुपारी देतोय. अप्पा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही, साताऱ्याकडे आलो की भेटायला येतो. शुक्रवारी पहाटे निघतोय. मेकॅनिकला अजून काही सांगितलेलं नाही, त्याचे तीन फोन येऊन गेलेत.
आता आईचा प्रश्न: रात्री फ्रिज बंद ठेवायचा तर दूध कसं टिकवायचं?

शलाका_खवय्यी
थर्माकोलचा खोका आणि बर्फ! नाहीतर दूध उकळून घ्या आणि सावंतवाडीत नवीन घ्या, दूध कुठेही मिळतं हो. बाथरूमचं मात्र कुणीच बोलत नाहीये.

नियमावली
गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्याला विचारतील म्हणून शेवटचं विचारतो. पाटी पांढरी की पिवळी? पिवळी असेल तर परमिट अजून ट्रॅव्हल्सवाल्याच्या नावावर आहे की तुमच्या?

फिरस्ता_८२
पिवळी आहे. परमिट म्हणजे?

वंगणवाला
नवीन धागा काढा. आजच.