ज्ञान-अर्थव्यवस्थेचा निर्देशांक बडोद्याला लावता येईल?

सुरसागर_काठ:
मंडळी, जागतिक बँकेच्या ज्ञान-अर्थव्यवस्था निर्देशांकाची (ज्ञानाच्या जोरावर अर्थव्यवस्था चालवायला देश किती तयार आहे, हे मोजणारा आकडा) पद्धत बडोदा जिल्ह्याला लावायची आहे. 0 ते 10 गुण नेमके येतात कुठून?

मांडवी_दरवाजा:
सूत्र सोपं आहे: 10 × (आपल्या मागे असलेले देश ÷ एकूण देश). 140 पैकी 35 मागे असतील तर 2.5. खांब, म्हणजे मोजायची मुख्य क्षेत्रं, चार: आर्थिक-संस्थात्मक चौकट, शिक्षण, नवनिर्मिती, माहिती-संचार तंत्रज्ञान. प्रत्येकात तीन निर्देशक (मोजायच्या बाबी), मग सरळ सरासरी. गोची अशी की गुण क्रमावरून ठरतात. इंटरनेट वापरणारे दुप्पट झाले तरी बाकीचे पुढे पळाले तर गुण घसरणारच! म्हणून मूळ आकडाही शेजारी छापा.

खंडेराव_मार्केट:
जिल्ह्यासाठी पहिला खांब सोडाच. त्यात मोजलं जाणारं आयातशुल्क देशभर एकच, मग फरक कसला दिसणार? उरलेल्या तिघांची सरासरी घ्या. बँकेनेही तिला ‘ज्ञान निर्देशांक’ असं वेगळं नाव दिलंय. तुलना मात्र जिल्ह्यांशीच करा, देशांशी नको. पेटंट मोजताना जपून. अर्जदाराचा पत्ता धरलात, तर बडोद्याच्या मकरपुऱ्यात लागलेला शोध मुंबईच्या मुख्य कचेरीच्या खात्यात जमा होतो. शोधकाचा पत्ता धरा आणि लोकसंख्येने भागा.

सुरसागर_काठ:
आणि आकडाच मिळाला नाही तर?

मांडवी_दरवाजा:
रकाना कोरा ठेवा. शून्य टाकलंत की तो जिल्हा थेट तळाला जातो आणि इतरांचे गुण फुगतात.